नादेश्वर महाराजांचं चाटण

संकेश्वरच्या अलीकडं, हायवेला लागून असलेल्या मंगल कार्यालयात त्या गुरुवारी लग्न नव्हतं. तरी दाराशी पडलेला चपलांचा ढीग बघून कुणीही हातात अक्षता घेऊन आत शिरलं असतं. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. साखर कारखान्यातले कारकून होते, भाजीबाजार अर्ध्यावर सोडून आलेल्या बायका होत्या, निपाणीचे दोन प्राध्यापकसुद्धा होते. प्राध्यापक मात्र ‘आम्ही सहज आलोय’ अशा चेहऱ्यानं पहिल्या रांगेत बसलेले. आणि व्यासपीठावर, नवरा-नवरीच्या लाल सोफ्यावर, नादेश्वर महाराज एकटेच दोघांची जागा भरून बसले होते.

“जीभ म्हंजे काय?” महाराजांनी माईकला विचारलं. माईक गप्प बसला, तसं त्यांनीच उत्तर दिलं. “जीभ म्हंजे मोबाईल! सिम हाय, चार्जिंग हाय, समदं हाय. मग पोरगं अडखळतंय कशानं? रेंज न्हाय! मागच्या जन्मीच्या पापानं रसनेला गाठ बसलीया. आन् टावर कुठाय?” त्यांनी छातीवर थाप मारली. “टावर हितं हाय!”

“नादेश्वर महाराज की जय!” हॉल गर्जला.

मागच्या खांबाला टेकून पारमिताबाई उभ्या होत्या. निपाणीच्या एका मराठी शाळेत त्या चौथीला शिकवत आणि दर शनिवारी गाण्याचा तास घेत. आपल्या वर्गातल्या शाल्मलीला तिचे वडील इथं आणणार, हे कळल्यावर शाळा सुटताच त्यांनी बस पकडली होती. आता शाल्मलीच व्यासपीठावर चढत होती. नऊ वर्षांची, दोन वेण्यांची पोर. खाली तिचे वडील, रघुवीर वकील, हात जोडून उभे. कोर्टात एका दमात पाऊण तास बोलणारा माणूस; त्याच्याच मुलीला स्वतःचं नाव सांगताना घाम फुटायचा.

“नाव सांग, बाळ.”

“श... श्शा... शा...”

महाराजांनी माईक तिच्या तोंडापुढून हलवला नाही. अर्धं मिनिट तिचं अडखळणं सगळ्या हॉलभर स्पीकरवरून घुमलं. कुणीतरी फिसकन हसलं. मग महाराजांनी मध आणि वेखंडाच्या चाटणाचं बोट तिच्या जिभेवर फिरवलं आणि हात वर केला. ढोलकी सुरू झाली, पेटी सुरू झाली, महाराज गाऊ लागले:

“सोड गं रसने गाठ सोड, नाव सांग तुझं गोड गोड!”

चार वेळा हॉल त्यांच्यामागं गायला. पाचव्या वेळी माईक शाल्मलीपुढं आला, आणि ती स्वच्छ, खणखणीत आवाजात गायली, “शाल्मली नाव माझं गोड गोड!”

“यव्वा! पोरगी बोलली की गं!” एक बाई किंचाळली. वकिलांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. प्राध्यापकांनी मोबाईल काढले. तेवढ्यात दोन सेवकांनी शाल्मलीच्या तोंडाला भगवं फडकं बांधलं आणि तिला मागच्या दारानं नेलं. “तीन दिस मौन!” महाराजांनी बजावलं. “एक शब्द उच्चारला तर गाठ पुन्हा!”

पारमिताबाईंनी वकिलांना फाटकाशी गाठलं.

“साहेब, ती बोलली नाही. ती गायली.”

“तेच ते, बाई. बघितलंत ना तुम्ही? एक अक्षर अडकलं का?”

“माझ्या तासालापण अडकत नाही. दर शनिवारी गाते ती. चाली स्वतः लावते. प्रगतिपत्रकावर लिहिलंय की मी.”

वकील गोंधळले. “मी गुण बघून सही करतो,” ते म्हणाले. मग सावरून, जरा कडक आवाजात, “बाई, महाराजांनी सांगितलंय, शंकेखोर माणसाची सावलीसुद्धा नको.” आणि मुलीला घेऊन गाडीतून निघून गेले.

चौथ्या दिवशी शाल्मलीनं मौन सोडून ‘पाणी’ मागितलं आणि ‘प’वरच अडकली. महाराजांचा निकाल तयारच होता: घरात कुणीतरी शंका घेतली. आता शुक्रवारपासून एकवीस दिवसांचं मौन. आणि गाणंही बंद, कारण गाण्यानं ‘नाद खर्च होतो’.

त्या शनिवारी शाल्मली गाण्याच्या तासाला भिंतीकडच्या बाकावर बसून राहिली. हीच पोरगी दोन आठवड्यांपूर्वी कंपासपेटीवर ठेका धरून मधल्या सुट्टीच्या उप्पिटावर गाणं रचत होती. त्यात पाण्यात बुडालेला रवा होता, हरवलेला कांदा होता आणि हेडमास्तरांचा डबा वेगळा का असतो हा थेट सवालही होता. वर्ग पोट धरून हसला होता. आठवडाभर जे तिच्या तोंडात अडकायचं, ते शनिवारी चाल लावून बाहेर पडायचं: राग, थट्टा, कुणाशी तरी झालेलं भांडण. आता बाईंनी काही विचारलं की ती वहीच्या कोपऱ्यावर उत्तर लिहून दाखवायची. पुढं पुढं तेही बंद झालं.

पारमिताबाईंना स्वतःचाही राग आला. इतर तासांना शाल्मली अडली की तिचं वाक्य त्याच पुरं करून टाकत. त्यांना वाटायचं, पोरीला मदत होतीय. मदत कसली? घाई होती ती. त्यांनी बेळगावला भावाला फोन लावला. दीपंकर कान-नाक-घशाचा डॉक्टर.

“आक्का, यात चमत्कार काहीच नाही,” तो म्हणाला. “बोलताना अडखळणारी बहुतेक माणसं गाताना अडखळत नाहीत. तुमच्या शाळेतच बघ की कुणी सापडतंय का.”

सापडायला वेळ लागला नाही. शाळेचे शिपाई भरमूआप्पा गेली पन्नास वर्षं अडखळत बोलत होते आणि चाळीस वर्षं भजनात पुढं गात होते. त्यांना कुणी कधी चमत्कार म्हटलं नव्हतं, कारण ते घंटा वाजवायचे.

“आप्पा, माझ्यासंगं गुरुवारी येताय काय?”

“म... म... म्हाराजाकडं?” आप्पांनी टोपी सारखी केली. “ये... येतो की. लई दिस झालं, क... करमणूक न्हाय.”

एकविसावा दिवस गुरुवारीच आला. हॉल पुन्हा खचाखच. शाल्मली व्यासपीठावर एका बाजूला फडकं बांधून बसली होती. मौनाचं फळ आज सगळ्यांना दिसणार होतं. पण रांगेत तिच्याआधी उभे होते भरमूआप्पा.

“नाव सांग, आप्पा.”

“भ... भ... भ...”

“बघा, गाठ! म्हातारी गाठ हाय!” महाराज खुशीत आले. त्यांनी खूण केली, ढोलकी सुरू झाली, आणि ते चाटणाच्या वाटीकडं वळले. आप्पांनी त्यांची वाट बघितलीच नाही. माईक हातात घेतला आणि भजनी थाटात सूर लावला:

“सोड गं रसने गाठ सोड,
भरमू नाव हे गोड गोड,
चाटण वाटीत, बोट कोरडं,
तरीबी गातंय म्हातारं घोडं!”

ढोलकीवाल्यालाच हसू फुटलं आणि त्याचा हात चुकला. महाराज मधाचं बोट हवेत धरून उभे.

“चाटण द्यायचं राहिलं की महाराज!” पारमिताबाई मागून ओरडल्या आणि गर्दीतून वाट काढत पुढं आल्या. “न देताच गाठ कशी सुटली?”

“आमच्या... आमच्या निस्त्या दर्शनानं!”

“मग आता आप्पांना बोलायला सांगा. गायचं नाही, बोलायचं.”

आप्पा माईकमध्ये म्हणाले, “ब... ब... बोलतो की.” हॉल हसला, पण शाल्मलीच्या वेळेसारखं कुत्सित हसू नव्हतं ते.

“ही बाई शंकासुर हाय!” महाराजांनी सोफ्यावर मूठ आपटली. “बाहेर काढा हिला!”

सेवक पुढं सरकले. पण त्यांच्या आधी वकील व्यासपीठावर चढले होते. एकवीस दिवस घरात मुलीचा आवाज नव्हता. जेवताना फक्त ताटवाटीचा आवाज ऐकून ते आतून पिचले होते. त्यांचा आवाज मात्र कोर्टातला होता.

“महाराज, एकच प्रश्न. हो किंवा नाही. आप्पांना चाटण दिलंत?”

“न्हाय, पण दर्शन...”

“दर्शन इथं पाचशे जणांना झालंय. दर्शनानं भागत असेल तर चाटण कशाला? चाटणानं होत असेल तर आप्पा कसे गायले?”

“गाठ... गाठ मौनानं पक्की सुटती!”

“ठीक. माझ्या मुलीचं मौन पुरं झालंय.” त्यांनी शाल्मलीच्या तोंडाचं फडकं सोडलं आणि माईक घेऊन तिच्यापुढं गुडघ्यावर बसले. “बोल बाळ. तुला जे बोलायचंय ते.”

शाल्मलीनं तोंड उघडलं. “म... म... म...” महाराज ‘शंका! शंका!’ म्हणून ओरडायला लागले. तेव्हा भरमूआप्पांनी ढोलकी मांडीवर ओढली आणि साधा ठेका धरला. शाल्मलीनं एकदा त्यांच्याकडं बघितलं. एकवीस दिवसांत तिनं मनातल्या मनात जे रचलं होतं, ते ती गाऊ लागली:

“चाटण कडू, मौन कडू,
मिटल्या तोंडी कशी रडू?
अडकला शब्द तर अडकू दे,
थोडं थांबा, मला बोलू दे!”

ढोलकी थांबली. हॉलमध्ये कुणी जय म्हटलं नाही. मग शाल्मलीनं माईक वडिलांच्या हातातून घेतला आणि गाणं न म्हणता बोलली. “मा... माझं नाव श... श्शा...” ती थांबली, श्वास घेतला. पारमिताबाईंनी ओठ दाताखाली घट्ट धरले. नाव त्यांच्या जिभेवर आलं होतं. “...शाल्मली.”

पहिल्यांदा टाळी कुणी वाजवली कळलं नाही. महाराजांना मात्र तेवढ्यात आठवलं की सांबऱ्याच्या विमानतळावर विमान गाठायचंय. कुठलं विमान, कुठं जाणारं, हे विचारायच्या आत मंगल कार्यालयाच्या मागच्या दारानं टावर निघून गेला.

माणसं हलेनात. माईक पारमिताबाईंकडं आला. त्यांनी जे सांगितलं ते एवढंच: “बोलताना पुढचा शब्द कधी काढायचा हे ज्याचं त्याला ठरवावं लागतं. गाण्यात ते ठेका ठरवतो. सूर लांबतो, श्वास एकसारखा सुटतो, एका शब्दातून दुसरा सरकत बाहेर येतो. म्हणून अडखळणारा गाताना सहसा अडखळत नाही. गाणं थांबलं की पुन्हा अडखळतो. जगभर असंच आहे. ज्या देशात वेखंड मिळत नाही तिथंसुद्धा! महाराजांनी फक्त तुम्हाला गाणं ऐकवलं आणि ‘ही बोलली’ असं सांगितलं. पुढं खोटं उघडं पडू नये म्हणून पोरांची तोंडं बांधली.”

“मग बाई, गाण्यानं माझा ल्योक बरा व्हईल काय?” पुढच्या रांगेतल्या एका बाईनं विचारलं.

“नाही आक्का. तसं सांगितलं तर मीपण महाराजच झाले. त्याला वाचा-उपचार करणारी शिकलेली माणसं आहेत, बेळगावात आहेत. वेळ लागतो. काहींचं कमी होतं, काहींचं राहतं. पण राहिलं म्हणून ते पाप नव्हे आणि लाज तर नव्हेच. गाणं कशासाठी? तर पोराच्या मनात काय चाललंय ते त्याला स्वतःच्या चालीत, स्वतःच्या शब्दांत सांगता यावं यासाठी. हे अडखळणाऱ्याला लागतं आणि न अडखळणाऱ्यालाही. गाऊ द्या त्यांना. बेसूर गाऊ द्या. तुमच्यावर गाणी रचली तर तीही ऐका.”

शाल्मली आता महिन्यातून दोनदा बेळगावला जाते. अजून अडखळते, थोडं कमी, कधी थोडं जास्त. शनिवारी गाण्याच्या तासाला रघुवीर वकील मागच्या बुटक्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसतात. मध्यंतरी त्यांच्यावरच एक गाणं झालं: ‘पप्पा फक्त गुण बघतात’. ते त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, कान लाल होईपर्यंत.

एकदा कोर्टात कुणीतरी त्यांना विचारलं, “वकीलसाहेब, तुमच्यासारखा शिकलेला माणूस फसला कसा हो?”

वकील म्हणाले, “महाराजांच्या रांगेत मी तीन तास उभा होतो. पोरीचं एक वाक्य पुरं व्हायला अर्धं मिनिट लागायचं. त्याला मला कधी सवड झाली नव्हती.”