पडद्यावरचा बाण

मित्रांनो, मला चाकं नाहीत, इंजिन नाही, आणि इतक्या वर्षांत मी वीतभरही पुढे सरकलेलो नाही. तरी मी शर्यतीची गाडी चालवायला शिकवतो. मी एक जुना सिम्युलेटर आहे, जागच्या जागी गाडी चालवल्याचा भास देणारं यंत्र.

उत्तर कॅरोलिनातल्या एका घरामागच्या शेडमध्ये हॉयट प्रुइट यांनी लोखंडी नळ्या जोडून मला उभं केलं. सीट त्यांच्याच आपटलेल्या गाडीतली. स्टीअरिंग, पेडल आणि तीन पडदे तेवढे विकतचे. हा सगळा खटाटोप भाचीसाठी, मार्लीसाठी.

खऱ्या ट्रॅकवर गाडी भिंतीला लागली की महिनाभर दुरुस्ती. माझ्यावर मार्ली हवी तितकी आपटायची आणि एक बटण दाबून पुन्हा कोऱ्या गाडीत बसायची. वळणात ब्रेक कधी सोडायचा, हे तिच्या पायात मुरलं ते माझ्यामुळे. शेजारपाजारचे बघायला येत, कौतुक करत. मी जरा फुगलोच होतो.

शर्यतीच्या गाडीत ड्रायव्हरचं डोकं पट्ट्यांनी जखडलेलं असतं, बाजूला बघता येत नाही. म्हणून संघाचा एक माणूस प्रेक्षकांच्या स्टँडच्या छपरावर उभा राहून रेडिओवर सांगतो: वळणाच्या आतल्या बाजूला शेजारी गाडी असली तर 'आत आहे', नसली तर 'मोकळं'. मार्लीचे ते डोळे म्हणजे हॉयटमामा. पण माझ्या पडद्यावर शेजारी गाडी आली की लाल बाण उमटायचा. मग शेडमध्ये मामांचं काय काम? ते येईनासे झाले.

वसंतात एका मोठ्या संघाने मार्लीला चाचणीला बोलावलं. जमलं तर वर्षभर त्यांची गाडी तिच्या हातात येणार होती. त्याआधी ती मामांच्या गाडीवर सरावाला गेली आणि दार चेपवून परतली.

"आत आहे, आत आहे, म्हणून घसा फोडत होतो मी," मामा म्हणाले.

"ऐकू आलं मला."

"मग?"

"बाण शोधत होते."

मामांनी कोकच्या बाटलीत खारे शेंगदाणे ओतले. विचार करायचा असला की ते तसंच करतात. "बरं. मग काचेवर काढून देतो एक. खडूने."

मार्ली हसली नाही.

त्यांनी काळी चिकटपट्टी आणून माझे बाण झाकले. मला फार अपमानास्पद वाटलं. मग ट्रॅक उंचावरून दाखवणारा एक लहान पडदा मांडीवर घेऊन ते माझ्यामागे उलट्या बादलीवर बसले.

"आत आहे. अजून आत आहे. दारापाशी. मोकळं."

"मामा, तू इतकं संथ का बोलतोस?"

"ओरडलं की तू दचकतेस. आईवर गेली आहेस."

"आईला मधे आणू नकोस."

सुरुवातीला ती बोल ऐकायची आणि तरी आपटायची. हळूहळू 'मोकळं' हा शब्द पुरा व्हायच्या आत तिचे हात वळू लागले.

चाचणीला मी नव्हतो. आमच्यासारख्यांना कोण नेतं? दुपारी दोघं बार्बेक्यूचे सँडविच घेऊन शेडमध्ये आली. मार्ली सीटवर बसून सांगत होती, की एका वळणात टायरचा धूर झाला, समोरचं काही दिसेना. मामा 'आत आहे' म्हणाले, तिने गाडी होती त्याच रेषेत धरली. 'मोकळं' म्हणाले, तिने न बघता गाडी आतल्या बाजूला घेतली. गाडीला ओरखडाही नाही. गाडी तिला मिळाली.

"छपरावरचा माणूस आमचा देऊ, म्हणत होते," ती म्हणाली. "मी म्हटलं, माझा आहे. त्याला फक्त एक बादली द्या."

मामांनी उरलेले शेंगदाणे तिच्या हातावर ओतले.

आता गावातली मुलं माझ्यावर शिकतात, आणि प्रत्येक जण आधी ती पट्टी सोलायला बघतो. मित्रांनो, माझी धूळ पुसा, पेडलना तेल द्या, नाही दिलंत तरी मी चालेन. पण पट्टी राहू द्या, आणि मागची बादली उचलून नेऊ नका.