न बसवलेला रेझिस्टर

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. दारात चपलांचा ढीग, जिन्यावर माणसं, आणि गॅलरीतून खिडकीच्या गजांना चिकटलेली चार-दोन डोकी. आत, नुकत्याच वारलेल्या बाईच्या रिकाम्या पलंगावर बुवा मांडी ठोकून बसले होते. उशाशी लाकडाच्या ठोकळ्यावर तांब्याच्या दोन पट्ट्या ठोकलेल्या होत्या. त्यांच्यावरून बुवा, न टेकवता, हात फिरवत होते.

"बोल साध्वी, बोल! या माणसाला नोकरी लागेल का?"

बाहेरच्या खोलीत भिंतीवरच्या डबीतली घंटी कर्रर्र वाजली.

"हो म्हणाली!" गर्दीतून एकच हुंकार उठला. नोकरीवाल्याने तिथल्या तिथे लोटांगण घातलं आणि त्याचं डोकं कुणाच्या तरी गुडघ्यावर आपटलं.

"आत्मा म्हणजे लहरी," बुवा समजावत होते. "लहरी म्हणजे कंपन, आणि कंपन म्हणजे घंटी. हे मी नाही, विज्ञान म्हणतंय! आता अवघड प्रश्न. जलतत्त्वाला साक्ष ठेवतो." असं म्हणून ते पलंगालगतचा नळाचा लोखंडी पाइप एका हाताने पकडत आणि दुसरा हात पट्ट्यांवर नेत. की घंटी गप्प. म्हणजे नाही.

ज्याच्या बायकोचा हा पलंग, तो बाहेरच्या खोलीत आपल्या कामाच्या टेबलाशी मान खाली घालून उभा होता. आळीत त्याला रेडिओकाका म्हणत. नोकरी बिलं लिहिण्याची होती, पण जीव तारा जोडायच्या, डाग देण्याच्या इस्त्रीत. कुणाचा रेडिओ, कुणाचा टॉर्च, घरी आला की त्याचं पोट उघडल्याशिवाय काकाला चैन पडत नसे. ही घंटीही त्यानेच बनवलेली होती. बायको अंथरुणाला खिळली, तिच्या बोटांत बटण दाबण्याइतकाही जोर राहिला नाही, म्हणून. दोन्ही पट्ट्यांवर एक बोट नुसतं टेकवलं, की बाहेर घंटी.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी भेटायला माणसं आलेली असताना घंटी आपोआप वाजली. एक म्हातारी ओरडली, "अगं बाई, बोलावतेय!" काकाला ठाऊक होतं की आत्ता फ्रिज सुरू झाला. तोंड उघडून तेवढं एक वाक्य बोलायचं होतं. तो बोलला नाही. मग कुणीतरी बुवांना घेऊन आलं. पहिल्याच दिवशी बुवांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "यजमान, ती म्हणते, तुमच्यावर तिचा राग नाही."

काका लहान मुलासारखा रडला. त्यानंतर दार रोज उघडं राहिलं.

मेहुणी आली ती गर्दीला कोपरांनी बाजूला सारत. बायकोची धाकटी बहीण, जीभ तिखट.

"भावोजी, हा काय बाजार मांडलाय? ताईच्या पलंगावर तो ढेरपोट्या कोण?"

"बुवा आहेत. ती... बोलते म्हणतात."

"बोलते? ताई जन्मात एका शब्दात बोलली नाही. हो म्हणायच्या आधी दहा वेळा माझा उद्धार करायची ती." मेहुणीने त्याच्याकडे रोखून बघितलं. "तुमचा विश्वास आहे यावर?"

काकाने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला, पुन्हा उचलला.

तेवढ्यात जिन्यावरून शेजारची शिवणकामवाली आली. एकटी राहायची, खालच्याच मजल्यावर. डाव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती.

"काय झालं गं?"

"काही नाही काका. इस्त्री करताना फिट आली, पडले त्याच्यावरच." ती कसनुशी हसली. "बऱ्याच दिवसांत आली नव्हती."

"गोळ्या?"

"त्या सोडल्या ना. काकूंनीच सांगितलं." तिने भिंतीवरच्या डबीकडे बोट केलं. "मी विचारलं, सोडू का, तर घंटी वाजली. आज विचारायला आलेय, पुन्हा फिट का आली म्हणून. माझंच काही चुकलं असेल."

मेहुणी फक्त काकाकडे बघत राहिली.

"बाई, तू आधी डॉक्टरांकडे जा," तो म्हणाला. "आत्ता." तो मेहुणीकडे वळला. "हिला घेऊन जा गं बरोबर. आणि संध्याकाळी दोघी इथे या."

मग शर्ट चढवून तो बाजारात गेला. रेडिओच्या सुट्या पार्टांचं दुकान बसने दोन थांब्यांवर होतं. परत आला तेव्हा टेबलावर अर्धा ठेवलेला चहा अजून कोमट होता. चहा निवायच्या आत होण्याजोगं काम होतं.

संध्याकाळी पुन्हा तीच गर्दी. बुवा पलंगाकडे निघाले तर काका तिथे आधीच पाय वर घेऊन बसलेला.

"यजमान, ते आसन आहे!"

"पलंग आहे. माझाच आहे," काका म्हणाला आणि त्याने पट्ट्यांवर, न टेकवता, हात धरला. बाहेर घंटी वाजली. दुसऱ्या हाताने पाइप पकडला. घंटी बंद. सोडला, वाजली. पकडला, बंद.

"काकांनाही सिद्धी आली!" मागून कुणीतरी किंचाळलं.

"सिद्धी कसली, तू बस इथे," काकाने त्यालाच ओढून बसवलं. त्याच्या हातानेही घंटी वाजली. मग नोकरीवाल्याच्या. मग एका पोरीच्या, जी खी-खी हसतच होती. पाइप धरला की सगळ्यांची बंद. बुवांचा चेहरा उतरत चालला.

"आता ऐका," काका म्हणाला. त्याला भाषण करता येत नव्हतं, त्यामुळे तो थांबत थांबत बोलला. "घरात विजेच्या तारा आहेत. त्यांची थोडी गुणगुण प्रत्येकाच्या अंगावर येते. तुम्हाला कळत नाही, मारतही नाही. पट्ट्यांपासून घंटीपर्यंतची ही लांब तार ती गुणगुण पकडते. पाइप जमिनीत गेलाय, तो धरला की अंगावरची गुणगुण जमिनीत जाते. म्हणून गप्प. यांना हे कुठे सापडलं, कसं सापडलं, ते मला माहीत नाही. पण ते हो आणि नाही स्वतःच ठरवत होते."

"पण मग चांगली घंटी अशी कशालाही वाजेल का?" नोकरीवाल्याने विचारलं. प्रश्न चांगला होता.

"नाही वाजणार. ही चांगली नाही." काकाने बाहेरच्या खोलीत येऊन भिंतीवरची डबी खाली काढली आणि उघडली. "इथे एक रेझिस्टर लागतो. कुणी हात लावला नसेल तेव्हा तारेला खाली ओढून, शांत धरून ठेवणारा. तो नसला की तार मोकाट सुटते, फ्रिज सुरू झाला तरी वाजते. माझ्याकडे कमी ओहमचा, वीज फारशी न अडवणारा होता. तो लावला तर इतका ओढून धरायचा, की हिच्या सुकलेल्या बोटाने घंटी वाजेचना. जास्त ओहमचा आणायला हवा होता. म्हटलं, आणू उद्या. तोवर चालतंय की तसंच."

त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. आत तांदळाच्या दाण्याएवढी, रंगीत पट्ट्यांची वस्तू होती. डागाची इस्त्री तापली, धुराची एक रेघ वर गेली, काम झालं.

"आता बसा पलंगावर, बुवा. विचारा."

बुवांनी हात फिरवला. पाइप सोडून, पाइप धरून, डोळे मिटून, फुंकर मारून. घंटी ढिम्म. स्वयंपाकघरात फ्रिज घरघरत सुरू झाला. तरी ढिम्म.

"आत्मा रुसला," बुवा पुटपुटले.

"रुसला नाही, दुरुस्त झाला," मेहुणी म्हणाली. "चला, उतरा. चादर बदलायचीय."

हशा पिकला. त्या हशात बुवा चपला शोधत होते आणि त्यांना त्या सापडत नव्हत्या.

काका हसला नाही. "थांबा, अजून एक आहे," तो म्हणाला. "ती होती तेव्हाही ही अशीच खोटी वाजायची. मी धावत जायचो. ती म्हणायची, अहो, मी नाही वाजवली. मग मी धावणं सोडलं. त्या दुपारी मी इथे डाग देत होतो. घंटी वाजली. मी मान वर न करता म्हणालो, फ्रिज असेल." त्याने पलंगाकडे बघितलं. "आत गेलो तेव्हा ती गेलेली होती. फ्रिज होता की ती होती, मला कळायला मार्ग नाही. हे बुवा म्हणाले, तिचा राग नाही. मला ते हवं होतं. म्हणून माहीत असून मी गप्प बसलो, आणि या पोरीने गोळ्या सोडल्या. बुवांनी तुम्हाला फसवलं, पण दार मी उघडं ठेवलं होतं."

शिवणकामवाली पुढे आली. तिने चांगल्या हाताचं एक बोट दोन्ही पट्ट्यांवर टेकवलं. घंटी स्वच्छ वाजली. उचललं, थांबली.

"चांगली झालीय काका," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात काकाने तांब्याच्या पट्ट्या तिच्या शिलाई मशीनशेजारी बसवल्या आणि तार खिडकीतून वर आणली. फिट यायच्या आधी तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकतात, तेवढ्यात एक बोट टेकवायचं. गोळ्या तिने पुन्हा सुरू केल्या होत्या, डॉक्टरांनी सांगितल्या तशा.

मेहुणी निघायच्या दिवशी दोघं चहा पीत होती. ती म्हणाली, "ताई तुमच्यावर चिडली असती, भावोजी. खोटं कशाला बोलू? पण चिडून झाल्यावर चहा मागितला असता."

काका काही म्हणायच्या आत घंटी वाजली.

तो उठला होता. चहा तसाच टेबलावर. खाली जाऊन बघतो तर शिवणकामवालीची कात्री पट्ट्यांवर पडलेली आणि ती ओशाळून हसतेय. "उगाच धावलात काका."

"उगाच नाही," काका धापा टाकत म्हणाला.

घरात न कळणारं काही वाजलं, हललं, चमकलं, तर हात जोडू नका आणि कानाडोळाही करू नका. उठा, आणि जाऊन बघा.