यकृतातला कामचुकार

मित्रांनो, ताई गेली. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. ताई अजून शिलाई मशीनवर बसली आहे आणि गिऱ्हाइकाला कमरेचं खरं माप सांगून नाराज करते आहे.

मी एक जुना बिघाड आहे. पणजोबांच्याही आधी कुणाच्या तरी जनुकाची नक्कल होताना एक अक्षर चुकलं आणि मी जन्मलो. तेव्हापासून मी या घरात फुकट राहतो. प्रत्येक बाळाच्या नाकाचं कौतुक झालं, "अगदी आजोबांचं!" माझ्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. माझ्यामुळे यकृतात एक पदार्थ कमी तयार होतो. कर्करोगावरचं एक औषध मोडून संपवणं हे त्याचं काम. ते औषध घरात येईपर्यंत माझ्यासारखा सज्जन दुसरा नव्हता.

मग ताईच्या आतड्यात गाठ निघाली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणाला औषधं बाधतात?"

"आमच्याकडे औषधंच आम्हाला घाबरतात," ताई म्हणाली. धाकटा भाऊ हसला. रक्ताच्या एका तपासणीत मी सापडलो असतो. ती कुणी सांगितली नाही.

इतरांच्या अंगातून वेळेत निघणारं औषध ताईच्या अंगात बिऱ्हाड थाटून बसलं. तोंड सोलून निघालं, जुलाब थांबेनात, पांढऱ्या पेशी संपत आल्या, ताप चढला.

"ताई, खा गं काहीतरी. निदान मला शिव्या तरी दे," धाकटा म्हणाला.

ताईने बोटाने त्याला दार दाखवलं.

"बघा, सुधारतेय!" तो नर्सला म्हणाला.

पुढे त्या पलंगावर दुसऱ्या पेशंटची चादर आली. लोक म्हणाले, "आजाराने नेलं." जन्मात एकदा माझ्यावर आळ यायचा, तोही आजाराने पळवला.

आता धाकट्यालाही तशीच गाठ आहे. दवाखाना नवा, प्रश्न तोच.

"नाही हो, औषध कुणालाच बाधलं नाही," तो म्हणाला. "ताई आजाराने गेली. औषधाला कशाला बोल लावायचा?"

डॉक्टरांनी मान डोलावली. मी त्याच्याही यकृतात आहे, पण मला तोंड नाही.

मित्रांनो, नाक कुणावर गेलं हे विचारता, तसं घरात कुणाला कोणतं औषध झेपलं नाही, हेही विचारत जा. धाकट्याला हे सांगायला उशीर झाला आहे. औषधाची सुई टोचून झाली आहे.

तरी माननीय महोदय, औषधाचा पहिला थेंब पडण्यापूर्वी अर्जदार बिघाडास रक्ततपासणीत पकडण्यात यावे, आणि सदर आदेशाचा अंमल मागील तारखेपासून, म्हणजे ताईच्या पहिल्या सलाईनपासून, ग्राह्य धरण्यात यावा, ही नम्र विनंती.