सामान बघायला आलेला माणूस

जिन्याच्या मधल्या टप्प्यावर मिथुन थांबला. वडील मागून येत होते. एका हाताने कठडा धरलेला, दुसऱ्या हातात नायलॉनची पिशवी. पिशवीत पाण्याची बाटली, श्वासाचा पंप आणि रुमाल. मुलाने त्यांना वर येऊ दिलं, मग हळू आवाजात म्हणाला, "बाबा, वर गेल्यावर नुसतं नमस्कार म्हणा हां."

धोंडिराम इंगोल्यांनी त्याच्याकडे पाहिलं. गेली साठ वर्षं हा माणूस भेटेल त्याला जयभीम म्हणत आला होता. भांडुपच्या कारखान्यात साहेबालाही तेच आणि कोपऱ्यावरच्या दूधवाल्यालाही तेच.

"बरं," ते म्हणाले. "तू हो पुढं. मी दम खाऊन येतो."

मिथुन पुढे गेला. नुसतं नमस्कार म्हणायला सांगितलं, त्यात काय एवढं, असं त्याने दोन पायऱ्या चढेपर्यंत स्वतःला समजावलं. तिसऱ्या पायरीवर कानशिलं गरम झाली. ती बराच वेळ तशीच राहिली.

मिथुन मुलुंडच्या एका हॉस्पिटलमध्ये डायलिसिसच्या मशिनवर काम करत होता. बायको मीरा पवईच्या एका ऑफिसात रिसेप्शनला. दोघं वडिलांबरोबर कांजूरमार्गला एका खोलीत राहत. कचऱ्याच्या डंपिंगकडून वारा आला की खिडकी लावून घ्यायची, पंखा बंद करायचा आणि वास आतच कोंडून बसायचं, असं तिथलं जगणं. धोंडिरामांची छाती आधीच कारखान्याच्या धुळीने गेलेली. छातीच्या डॉक्टरांनी औषध बदलून पाहिलं, पंप दिला आणि शेवटी सरळ सांगितलं की आधी ती जागा सोडा, मग माझ्याकडे या.

तेव्हापासून घरं बघणं चालू होतं. पवईचा विचारही त्यांनी केला नाही. मीरा म्हणायची, तिथे आपण नोकरी करायची, राहायचं दुसऱ्यांनी. घाटकोपर पाहिलं, भांडुप पाहिलं. परवडेल असं घर मिळायचं तेव्हा घर देणारा मिळायचा नाही. घाटकोपरच्या एका बाईंनी गाव विचारलं, मग तालुका विचारला, मग घरी गणपती कुठला बसवता ते विचारलं. मिथुनने बसवत नाही म्हटल्यावर त्यांना आठवलं की त्यांचा पुतण्या राहायला येणार आहे. भांडुपचे एक गृहस्थ सगळं ठरल्यावर फोनच उचलेनासे झाले.

शेवटी शिवदास एजंटने त्याला चहाला नेलं आणि म्हणाला, "यार, तुझं आडनाव नशीबवान आहे. इंगोले इकडेपण असतात, तिकडेपण. समोरचा जे समजेल ते समजू दे ना. खोटं नको बोलू. फक्त गप्प बस."

खोटं बोलायचं नाही, एवढ्यानेच मिथुनला हायसं वाटलं होतं.

मुलुंडचं हे घर टिपणीस पतिपत्नींचं. ते स्वतः तळमजल्यावर राहत आणि वरचा फ्लॅट भाड्याने देत. इमारत जुनी, पुढेमागे पाडायची, म्हणून भाडं आवाक्यातलं. पहिल्या भेटीत श्यामसुंदर टिपणीस, बँकेतून निवृत्त झालेले, मोकळेपणाने बोलले होते. आमच्या शाखेत एक इंगोले होते, म्हणाले, पाटील घराणं, मोठे दिलदार. मिथुन हसला होता. नुसता हसला होता. त्यांच्या पत्नी जयंतीबाईंनी आधीच्या भाडेकरूंची गोष्ट सांगितली. माणसं चांगली होती, भाडं वेळेवर, पण ती कोण हे मागाहून कळलं. "आमचं काही म्हणणं नाही हो," त्या म्हणाल्या होत्या, "पण आधी सांगायला हवं ना. फसवल्यासारखं वाटतं."

तेव्हाही मिथुन गप्प राहिला. घरात वडील असतील हे सांगायचंही राहून गेलं. आज त्यांना घर दाखवायचं आणि ओघातच सांगायचं, असं त्याने ठरवलं होतं.

वर टिपणीस त्याला गॅलरीतला नळ दाखवत होते. दार उघडंच होतं. धोंडिराम दारात येऊन उभे राहिले. धाप लागलेली, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, हातात ती पिशवी. जयंतीबाई आतल्या खोलीतून आल्या आणि त्यांना पाहून थबकल्या.

"कोण हो? काय हवंय?"

मिथुन वळला. "हे..." एवढं तो बोलला. पुढचा शब्द अगदी साधा होता. लहानपणी सगळ्यात आधी शिकलेल्या शब्दांपैकी एक. पण तो शब्द उच्चारला की त्याच्यामागून गाव येणार, गणपती येणार, सगळंच येणार असं त्याला वाटलं, आणि तो अडला. अडला तो क्षणभरच. वडिलांनी तेवढ्यात त्याच्या तोंडाकडे पाहून घेतलं होतं.

"सामानाचं पाहाले आलो बाई," धोंडिराम म्हणाले. "टेम्पो केवढा लागंल ते."

"असं होय. या, बघून घ्या."

धोंडिराम आत आले. वितीने दाराची रुंदी मोजल्यासारखं केलं. दोन्ही खोल्यांतून फिरले. मागच्या खोलीच्या खिडकीशी मात्र जरा जास्तच वेळ थांबले. बाहेर कडुनिंब होता. त्यांनी खोल श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला.

"हवा येते," ते म्हणाले.

टिपणीस हसले. "हवेचं काय करता? कपाट जाईल ना आत, ते बघा."

"जाईल साहेब."

मिथुन गॅलरीतल्या नळाकडे बघत होता. नळ चांगला होता, गळत नव्हता. त्याने तो उघडला, बंद केला, पुन्हा उघडला.

रस्त्यावर आल्यावर त्याने विचारलं, असं का केलंत. रागावून विचारायचा त्याचा विचार होता, पण आवाज बारीकच निघाला. धोंडिराम बसस्टॉपच्या बाकावर बसले आणि बराच वेळ श्वास जुळवत राहिले.

"नमस्कार म्हनाले मले काही जड नोहतं," ते म्हणाले. "आज म्हनलं असतं. उद्याबी म्हनलं असतं. पन रोज जिन्यात भेटतील, पानी भरताना भेटतील. एखाद्या दिवशी तोंडातून निंगूनच गेलं असतं ना. मंग तुमचं घर गेलं असतं. त्यापेक्षा मी तिथं कोनी नसलेलाच बरा."

मिथुन म्हणाला, करार झाला की मी सांगून टाकतो त्यांना. ते बोलताना ते खरं आहे असं त्याला वाटत होतं.

घरी मीराला कळलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. तिने लाटणं खाली ठेवलं. "घर कोणासाठी बघत होतो आपण?" तिने विचारलं. उद्याच मुलुंडला जाऊन मी सांगते, असं ती म्हणाली, पण सासऱ्यांनी तिला शपथ घातली. तुम्हाला पोरंबाळं होतील, ती इथं वाढवू नका, म्हणाले. मीराने तेवढ्यापुरतं ऐकलं. नवऱ्याशी मात्र ती कित्येक दिवस कामापुरतंच बोलत होती.

मिथुन आणि मीरा मुलुंडला राहायला आले. सामानाबरोबर टेम्पोत धोंडिराम होतेच. गाद्या, भांड्यांची पोती त्यांनी उतरवून घेतली. जयंतीबाईंनी माणुसकीने त्यांना चहा दिला आणि ते जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून तो प्यायले. मिथुन त्यांच्या बाजूने फ्रिजची पाठ धरून वर गेला. जाताना त्याने भिंतीकडे तोंड केलं होतं.

करार होऊन गेला. त्या दिवशी टिपणीसांना घाई होती, म्हणून सांगायचं राहिलं. पुढे जयंतीबाईंनी घरी केलेलं श्रीखंड वर आणून दिलं, तेव्हा इतक्या आपुलकीच्या वेळी कसं सांगायचं, म्हणून राहिलं. एकदा त्यांनी आपणहून विचारलं की आईवडील कुठे असतात. मिथुनने आई गेल्याचं सांगितलं. वडील? तर तो म्हणाला, "गावाकडे." आता गप्प बसणं संपून खोटं बोलणं सुरू झालं होतं, आणि हे ज्या सहजतेने झालं त्याची त्याला भीतीच वाटली. हॉस्पिटलमध्ये पेशंटबरोबर त्यांची मुलं येत, बापाची चप्पल हातात घेऊन उभी राहत. मिथुन मशिनच्या आकड्यांकडे बघत राहायचा.

कांजूरच्या खोलीवर तो जाऊन यायचा. औषधं द्यायचा, डबा द्यायचा. धोंडिराम त्याला कधी काही बोलले नाहीत. नवीन घराची हवा कशी आहे, एवढं मात्र ते दर वेळी विचारायचे.

मग एका रविवारी मीराने कुणालाही न विचारता सासऱ्यांना जेवायला बोलावलं. दुपारी ते एकटेच आले. जयंतीबाई दारातच तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांनी ओळखलं आणि विचारलं, काय हो, पुन्हा सामान? धोंडिराम म्हणाले, हो, एक कपाट हलवायचंय वरचं.

वर आल्यावर त्यांनी हे मिथुनला सांगितलं आणि शर्टाच्या बाह्या वर सारू लागले.

"बाबा, जेवायला बसा," मीरा म्हणाली. "कसलं कपाट? काही हलवायचं नाही."

"तसं नाही बाई. खाली सांगितलं हाये. आता आवाज तं झाला पायजे."

त्यांनी लोखंडी कपाटाच्या एका बाजूला हात लावला. मिथुन उभाच होता. "धर ना रे," ते म्हणाले. मग बापलेकांनी मिळून, ज्याला हलायची काही गरज नव्हती असं ते कपाट या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरकवलं. फरशीवर मोठा कर्र आवाज झाला. खाली नक्की ऐकू गेला असणार. मीरा स्वयंपाकघरात निघून गेली. धोंडिराम कपाटाला पाठ टेकून उभे राहिले, त्यांनी पिशवीतून पंप काढला, दोनदा ओढला आणि मुलाकडे बघून थोडंसं हसले. "झालं," म्हणाले.

जेवण झालं. मिथुनने ताटातला भात नुसता चिवडला. वडील मात्र चवीने जेवले, आणि मटकीची उसळ दुसऱ्यांदा मागून घेतली.

ते निघाले तेव्हा मिथुन त्यांना सोडायला खाली आला. जयंतीबाईंचं दार उघडं होतं, जणू त्या वाटच बघत होत्या. आमचंही एक कपाट आहे, त्या म्हणाल्या, त्याच्यामागे ओल आलीय, यांना एकट्याला हलत नाही, जाता जाता तेवढं बघाल का.

"पाहातो ना," धोंडिराम म्हणाले आणि चपला बाहेर काढून आत गेले. मिथुन त्यांच्या मागे गेला.

कपाट सागवानी होतं, जुनं, जड. टिपणीसांनी एका बाजूने हात लावला. धोंडिरामांनी दुसऱ्या बाजूने खांदा दिला. कपाट इंचभर सरकलं असेल. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग राखाडी, आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. तो आवाज मिथुनला चांगला ओळखीचा होता. तरी त्यांनी खांदा काढला नाही.

"सोडा," मिथुन म्हणाला. त्यांना ऐकू गेलं नाही. मग त्याने जाऊन त्यांचे दोन्ही दंड धरले आणि त्यांना बाजूला घेतलं. "सोडा बाबा. त्यांना दमा आहे, काकू. माझे वडील आहेत ते."

टिपणीसांचा हात कपाटावरच राहिला. जयंतीबाईंनी आधी म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग मिथुनकडे.

"वडील? तुमचे?" त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही यांना... माझ्यासमोर जिन्यात बसून चहा प्यायले हो हे."

मिथुनजवळ उत्तर होतं. ते इतके महिने त्याने मनात शंभरदा घोकलं होतं, आणि त्यात या बाईंचेच शब्द होते. आधी सांगायला हवं ना, हे. सांगितलं असतं तर दिलं असतंत का घर, हे. पण आता ते तोंडात येईना. त्या बाई खरोखरच दुखावल्या होत्या, त्यांचे डोळे भरले होते, आणि त्या विचारत होत्या त्या प्रश्नाशी जातीचा संबंधच नव्हता. त्या एका मुलाला त्याच्या बापाबद्दल विचारत होत्या.

धोंडिरामांनी हात वर करून थांबा अशी खूण केली. पंप ओढला, श्वास थोडा जागेवर येऊ दिला.

"याचा काही दोष नाही बाई," ते म्हणाले. "मीच म्हनलो होतो तसं. हा काहीच बोलला नाही."

ते बोलले ते मुलाला वाचवायला. पण वाक्य संपल्यावर ते सगळ्यांना सारखंच ऐकू आलं. हा काहीच बोलला नाही.

जयंतीबाईंनी डोळे पुसले. जेवणाच्या टेबलाजवळची खुर्ची ओढून त्यांनी पंख्याखाली आणली. "बसा," त्या धोंडिरामांना म्हणाल्या. "आधी बसा. पाणी देते." टिपणीसांनी पंखा वाढवला आणि दुसरी खुर्ची घेऊन ते त्यांच्यासमोर बसले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, गाव कोणतं तुमचं.

"वाशीमकडचं," धोंडिराम म्हणाले आणि गावाचं नाव, तालुका, वस्ती, सगळं सांगू लागले. सावकाश, काही न गाळता.

कपाट भिंतीपासून तिरकं सुटलेलं होतं. मिथुन त्याच्याजवळ उभा होता. टेबलाशी अजून दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. त्याला बस असं कोणी म्हटलं नाही, आणि आपण होऊन बसायला त्याला जमलं नाही.