आभाळ्याची आई

मित्रांनो, मी एक जुना सिनेमाचा कॅमेरा आहे, आणि खरं सांगायचं तर माणसांविषयी माझं मत काही चांगलं नाही. इतर जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना गळा काढतात. मला गंज चढला, मला अडगळीत टाकलं, मला कुणी विचारेना. मला गळाही नाही आणि रडायची हौसही नाही. एक डोळा आहे. त्यानं पाहिलं ते सांगतो.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. तिथली माणसं हातमोजे घातल्याशिवाय मला हात लावत नसत. मग मी हैदराबादच्या एका डॉक्टरांकडे आलो. त्यांच्या बागेतले गुलाब, त्यांच्या दावती, त्यांच्या मुलांचे वाढदिवस मी टिपले. डॉक्टर वारले आणि त्याच मुलांनी मला जुन्या बाजाराची वाट दाखवली. हात बदलत बदलत मी परभणीला एका घड्याळजीच्या कपाटात येऊन पडलो. तिथून पालमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांनी, व्यंकटरावांनी, मला उचललं. एसटीच्या मागच्या बाकावर, पिशवीत वांग्यांच्या शेजारी बसून मी पालमला पोचलो. तेव्हाच मी ओळखलं की आपले चांगले दिवस संपले.

व्यंकटराव मुलांसाठी हातानं चित्रकथा काढायचे. दोऱ्यानं शिवलेल्या पातळ पुस्तिका, आणि सगळ्यांचा नायक एकच. त्याचं नाव आभाळ्या. हा आभाळ्या उडायचा, ढग पिळून पाऊस पाडायचा, विजेला शेपटीला धरून गरागरा फिरवायचा. अंगात घट्ट कपडे, त्यांच्यावरून चड्डी आणि पाठीला बांधलेलं घोंगडं. चड्डी आतून घालायची की बाहेरून हे ज्याला कळत नाही, तो म्हणे जगाला वाचवणार. पण पालमची पोरं त्याच्यावर जीव टाकायची. पानं सुटून पडेपर्यंत त्या पुस्तिका हातोहात फिरायच्या.

मग व्यंकटरावांच्या मनानं घेतलं की आभाळ्या मुळात आभाळ्या कसा झाला, याचा चित्रांचा सिनेमा काढायचा आणि तो शाळेच्या गॅदरिंगला दाखवायचा. चित्रांचा सिनेमा म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नसेल. एक चित्र माझ्याखाली ठेवायचं, बटण एकदाच दाबायचं, ते चित्र काढून त्याच्याहून केसभर वेगळं दुसरं ठेवायचं, पुन्हा बटण. अशी ढीगभर चित्रं संपली की आभाळ्याचा जेमतेम एक हात वर होतो. त्यात रीळ एकच. ते मिळवायलाच व्यंकटरावांचं वर्ष गेलं होतं. चूक झाली तर पुसायची सोय नाही. दोन वर्षं या माणसानं सुट्टी म्हणून पाहिली नाही. सिनेमा दाखवता आला नाही तर मी शाळेत तोंड दाखवणार नाही, असं तो बायकोला सारखा म्हणायचा.

गोष्ट अशी होती. आभाळ्याचा बाप पावसात बाभळीखाली थांबलेला असतो. वीज पडते आणि बाप जागीच जातो. पोरानं बापाचा हात धरलेला असतो, म्हणून वीज पोराच्या अंगात शिरते. घरी एकटी राहिलेली आई पोराला उराशी धरते, त्याच्या पाठीला बापाचं घोंगडं बांधते आणि म्हणते, जा. तेव्हा कुठे आभाळ्या उडतो. पोरांना वाटायचं, काय गुरुजींचं डोकं. डोकं कसलं आलंय. व्यंकटरावांची थोरली बहीण धुरपताबाई त्याच घरात राहत होती. तिचा नवरा सटवाजी अशीच बाभळीखाली वीज पडून गेला होता. मूलबाळ नव्हतं. ती माहेरी परत आली आणि आई नसलेल्या या धाकट्या भावाला तिनं लहानाचं मोठं केलं, शिकवून मास्तर केलं. भावानं तिचं दुःख न विचारता उचललं, आणि आभाळ्याला नाक मात्र स्वतःचं काढलं.

मला त्यांनी उलट्या स्टुलाच्या पायांना सुतळीनं बांधलं. जर्मनीत जन्मलेल्या जिवाला सुतळी. खाली पाट, पाटावर चित्र, आणि अंगणातलं ऊन हाच दिवा. व्यंकटराव पेन्सिलीनं रेघा काढायचे आणि रंग भरायला ओसरीवर बायका बसायच्या. त्यांची बायको अंबिका, शेजारची सुमनबाई, पलीकडच्या गल्लीतली विमल. आमचं रीळ काळंपांढरं. हे व्यंकटरावांनी चारदा सांगितलं होतं. तरी आभाळ्याच्या आईचं लुगडं मोरपंखी करायचं की डाळिंबी, यावरून त्या एक अख्खी दुपार भांडल्या. धुरपताबाई चहा करायची आणि पेन्सिलींना टोक काढून द्यायची. रंगाला तिला कुणी बसवलं नव्हतं.

बाप मेल्यानंतरची चित्रं आली आणि ओसरीवरचे ब्रश थांबले. आता आईचं कपाळ मोकळं ठेवायचं होतं.

"मी न्हाई बाई," सुमनबाई म्हणाली. "भरल्या कपाळानं असलं चित्र करायचं म्हंजे काय. आमचे हे आधीच पडून हायत."

विमलनंही हात आखडते घेतले. अंबिकानं नवऱ्याकडे पाहिलं, मग तो सगळा गठ्ठा उचलून नणंदेपुढे नेऊन ठेवला.

"अक्का, हे तुमीच करा. तुमाला काय त्याचं."

धुरपताबाईनं हात पदराला पुसले आणि ब्रश घेतला. एवढा अपमान गिळून ही बाई काही बोलत कशी नाही, याचा मला तेव्हा फार राग आला होता. शिकलेसवरलेले व्यंकटराव तिथेच बसले होते. त्यांनी पेन्सिलीचं टोक तपासलं.

दुसऱ्या दिवशी ती चित्रं माझ्याखाली आली. धुरपताबाईनं एकूण एक चित्रात आईच्या कपाळावर कुंकू रेखलं होतं. ठसठशीत, गोल. मी ते पाहिलं. व्यंकटरावांनी पाहिलं नाही. चित्र ठेव, बटण दाब, चित्र उचल, यातच त्यांचा जीव गुंतलेला. आणि आईच्या कपाळावर कुंकू नसतं तर ते डोळ्यांत खुपलं असतं, असलेलं कुंकू कुणाला दिसतं? मला सांगायला तोंड नव्हतं. असतं तरी मी सांगितलं नसतं.

रीळ धुवायला मुंबईला गेलं. त्या हिवाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराच्या वादानं पुन्हा पेट घेतला होता. आज बंद, उद्या दगडफेक, परवा एसटी आगारातच उभी. धुतलेलं रीळ परभणीला येऊन अडकलं आणि गॅदरिंगच्या आदल्या दिवशी पालमला पोचलं. हेडमास्तर बन्सीधरराव म्हणाले, आधी आम्हाला दाखवा. दुपारी त्यांच्या खोलीच्या खिडक्यांना सतरंज्या लावल्या. उसनं आणलेलं सिनेमा दाखवायचं यंत्र टेबलावर ठेवलं. मला कौतुकानं शेजारी मांडलं. संस्थेचे अध्यक्ष दिनकरराव मानवतहून आले होते, कापसाचे मोठे व्यापारी. बायका मागे बसल्या, आणि त्यांच्याही मागे भिंतीशी धुरपताबाई.

सिनेमा सुरू झाला. वीज पडली तेव्हा दिनकररावांनी खुर्चीचा हात धरला. मग आई पडद्यावर आली. पोराला उराशी धरलं, घोंगडं बांधलं, आणि तिच्या कपाळावर ते कुंकू, ताटलीएवढं.

"थांबवा," बन्सीधरराव म्हणाले. "व्यंकटराव, हिचा नवरा मेला ना आत्ता?"

व्यंकटराव उठून पडद्याजवळ गेले.

दिनकरराव म्हणाले, "नवऱ्याची राख निवली न्हाई अन् बाई कुकू लावून उभी. गावात काय तोंड दाखवायचं आमी? आधीच दिवस लय खराब चाललेत."

"मला खरंच माहीत नाही साहेब," व्यंकटराव म्हणाले. "कुणी लावलं..."

"म्या लावलं," मागून धुरपताबाई म्हणाली. ती उभी राहिली होती. "नवरा विजेनं मेला. तिनं काय केलतं? पोरगं आभाळात चाललंय, जाताना त्याला मायचं तोंड तरी धड दिसू द्या."

 अंबिकानं मान खाली घातली. बन्सीधरराव धुरपताबाईकडे न बघता तिच्या भावाशी बोलले, कारण असल्या बाईशी बोलायची रीत नव्हती.

"ही चित्रं काढून टाका. मग दाखवा. न्हाई तर सिनेमा राहू द्या."

मित्रांनो, मी तेव्हा व्यंकटरावांकडे पाहत होतो. आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणाकडून काही हवं होतं. त्यांनी फक्त एवढंच म्हणायचं होतं, की राहू द्या मग. किंवा म्हणायचं होतं, की ही माझी बहीण आहे, तिनं मला वाढवलंय. त्यांनी दोन वर्षांच्या मेहनतीकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि खिशातून कात्री काढली. बहिणीकडे पाहिलं नाही.

संध्याकाळपर्यंत बाप मेल्यानंतरची आईची सगळी चित्रं कापून झाली. दोन्ही टोकं चिकटवली. कापलेले तुकडे व्यंकटरावांनी कागदात गुंडाळून माझ्यासोबत घरी नेले आणि कुठे टाकावे ते न कळून हातात धरून बसले. धुरपताबाईनं ते त्यांच्या हातातून काढून घेतले आणि चुलीत घातले. ते भुरकन जळाले. मग तिनं त्याच चुलीवर भावाच्या भाकरी टाकल्या.

गॅदरिंग दणक्यात झालं. तिथेही मला यंत्राशेजारी मांडलं होतं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. बाप मेला, वीज चमकली, आणि पोरगं थेट आभाळात, पाठीला घोंगडं. ते कुणी बांधलं हे कुणालाच कळलं नाही. दिवे लागल्यावर पोरांनी गुरुजींना गराडा घातला.

"गुर्जी, आभाळ्याची माय कुटं गेली?"

"पहिल्यांदा होती की. बाप मेल्यावर दिसलीच न्हाई."

"ती बी मेली का, गुर्जी?"

धुरपताबाई हाकेच्या अंतरावर उभी होती. व्यंकटराव हसले आणि म्हणाले, "हो. ती पण मेली."

त्यानंतर ती त्या घरात आणखी पुष्कळ वर्षं राबली. दुसरा सिनेमा काही झाला नाही. व्यंकटरावांनी पुन्हा मला हात लावला नाही, आणि त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. आता मी त्यांच्या ट्रंकेत आहे. डोळ्यावर बुरशी धरली आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही.

अशा कहाणीच्या शेवटी वस्तू हात जोडतात आणि आमची निगा राखा म्हणून विनवतात. मी विनवणार नाही. माझी काच मऊ फडक्यानं पुसा किंवा पुसू नका. पण तुम्ही आभाळ्यासाठी टाळ्या वाजवता, म्हणून सांगतो. मला त्याची किळस येते. विजेला शेपटीला धरणाऱ्या त्या वीराचं नाक ज्याचं होतं, त्याला भर खोलीत एक वाक्य बोलता आलं नाही. उद्या तुमच्याही घरातल्या कुणाला असंच मधून कापून टाकायला सांगतील. तेव्हा नाही म्हणा. तेवढ्यासाठी उडता यावं लागत नाही.