भिंतीत गेलेला जिना

ताईंनी माउसचं चाक दाबून धरलं, हात हळूच सरकवला आणि पडद्यावरची इमारत पाठमोरी झाली. जिना मात्र भिंतीत घुसला होता. शेवटची पायरी दाराशी यायची, ती चक्क विटांत शिरली होती.

काल मागची बाजू दिसेना म्हणून ताईंनी फिरवलं होतं. फिरवायची होती नजर, आणि फिरवून बसल्या होत्या जिना. हवी ती बाजू दिसली म्हणून खुशीत फाइल सेव्ह केली, कागद छापले, आणि संध्याकाळी ते वर्कशॉपला गेलेसुद्धा. तीस वर्षं कागदावर रेघा ओढलेल्या बाईला हे सुचणार कसं? कागद उलटा धरला म्हणून जिना काही जागचा हलत नाही.

हेच समजवायला लेकीनं घरी चहाचा डबा मांडून बजावलं होतं, "आई, डब्याला हात लावू नकोस. तू फिर." ताई खरंच उठून टेबलाभोवती फिरल्या होत्या. लेक हसून हसून बेजार झाली होती.

संगणकावरचं हे नवं काम शिकायला साहेबांनी महिना दिला होता. त्यातले चार दिवस उरले होते. जमलं नाही तर फायलींच्या खोलीत बदली ठरलेली. ताईंनी वर्कशॉपला फोन लावला.

"मिस्त्री, जिन्याचं लोखंड कापलं का हो?"

"नाही कापलं. म्हटलं, ताईंचा जिना भिंतीत जायचा नाही. कागद बाजूला ठेवलाय."

"साहेबांना बोललात?"

"कशाला? नवा कागद पाठवा, जुना फाडून टाकतो. या कानाचं त्या कानाला कळायचं नाही."

ताईंना हायसं वाटलं. जिना जागेवर आणायला दोन मिनिटं लागली. पण पुढच्या खेपेला मिस्त्री रजेवर असले तर?

त्या उठून साहेबांच्या खोलीत गेल्या आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून मोकळ्या झाल्या. साहेबांच्या मागे भिंतीवर एक पिवळा पडलेला नकाशा होता. साहेब ताईंच्या हाताखाली शिकत होते तेव्हाचा, साहेबांचाच पहिला चुकलेला. 'चूक समोर असली की हात जपून चालतो,' म्हणून ताई प्रत्येक शिकाऊ माणसाला आपला चुकलेला कागद भिंतीला लावायला लावत.

साहेब उठले. ताईंच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"फिरवून दाखवा."

ताईंनी चाक दाबलं. चहाच्या डब्याभोवती फिरावं तसा त्यांचा खांदाही नकळत कलला. पायऱ्यांची खालची बाजू दिसली, मग दार. जिना जिथल्या तिथं होता.

साहेबांनी मिस्त्रींना फोन लावला.

"तो जुना कागद फाडू नका. माझ्याकडे पाठवा."

फायलींच्या खोलीतला धुळीचा वास ताईंना इथूनच येऊ लागला.

साहेब आपल्या खोलीत गेले. पिवळ्या नकाशाला चार टाचण्या होत्या. त्यातल्या दोन त्यांनी काढल्या आणि ताईंच्या कीबोर्डशेजारी आणून ठेवल्या. "कागद आला की इथंच लावा."