बाबांच्या काखेतली वायर

आमच्या टाकीतले पाच मासे उकडून मेले, त्यात दोष हीटरचा होता. पाणी पुरेसं तापलं की वीज तोडणारी एक कळ त्याच्या आत असते, ती चिकटून बसली होती. सहावा मासा, काळा आणि एका डोळ्याने अधू, तेवढा वाचला. कसा, ते त्यालाच ठाऊक. त्या दिवसापासून बाबा त्याला साहेब म्हणू लागले.

दुकानदार म्हणाला, "हीटर बदला आणि वर बाहेरचा कंट्रोलरही लावा. एकाने घोळ घातला तर दुसरा सांभाळतो."

मी फक्त कंट्रोलर आणला. कामचुकार नोकरावर कडक मुकादम नेमला की नोकर बदलायला लागत नाही, असं माझं मत.

कंट्रोलर म्हणजे आकडा दाखवणारी एक डबी. हीटरची पिन डबीत, डबीची पिन भिंतीत, आणि डबीतून निघालेल्या लांब वायरच्या टोकाचा सेन्सर पाण्यात. पाणी सव्वीसच्या खाली उतरलं की हीटर चालू, वर चढलं की बंद. डबीला याहून जास्त अक्कल नसते. सेन्सर जिथे असेल त्याला ती पाणी समजते.

बाबांची खाट टाकीला लागूनच होती. डॉक्टरांनी आता औषधं नकोत, आराम द्या, असं सांगितल्यापासून ते दिवसभर साहेबाकडे बघत पडायचे.

"हा माझ्या आधी गेला तर याद राख," एकदा म्हणाले.

"नाही जाणार बाबा. शब्द देतो."

"तुझ्या शब्दावर पण एक डबी बसवून घे."

मग थंडी पडली आणि बाबांना ताप भरला. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आत्या, मदतीला आली. आल्या आल्या तिने थर्मामीटर जोरात झटकला तो भिंतीवर आपटून फुटला. नंतर तिची नजर डबीवर गेली.

"माशाचा ताप चोवीस तास मोजताय, आणि माझ्या दादाला हात लावून अंदाज?"

"आत्या, ते पाण्यासाठी आहे."

"माणसात पाणीच असतं रे जास्त. शाळेत नव्हतास का?"

तिने सेन्सर पदराला पुसला आणि बाबांच्या काखेत धरला. आकडा अडतीस पूर्णांक सातवर गेला. पाणी फारच तापलं अशा समजुतीने डबी कर्कश बोंबलायला लागली. बाबांचा नुकता डोळा लागला होता. मी डबीचा आवाज बंद केला.

"दोन मिनिटांनी पाण्यात टाक हं," मी म्हणालो.

"टाकते."

ती खुर्चीत बसल्या बसल्या पेंगली. पहाट झाली होती, मी आंघोळीला गेलो. बाहेर आलो तेव्हा बाबा गेले होते.

त्यानंतर सेन्सर कुणाच्या लक्षात राहणार? ताई आणि दाजी लांबून यायचे होते. तोवर खिडक्या उघड्या ठेवा, खोली गार राहू द्या, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. लोक येत होते, टाकीकडे पाठ करून बसत होते, चहा नको नको म्हणत पीत होते.

संध्याकाळी आम्ही बाबांना उचललं. पायांकडे दाजी, डोक्याकडे मी. दीड पाऊल गेलो आणि बाबा थांबले.

"थांबा थांबा," आत्या म्हणाली. "दादा कशात तरी अडकलाय."

वायर ताणली होती. टेबलावरून डबी खाली आली आणि माझ्या पायाशी पडली. आकडा एकवीस. शेजारी हीटरचा लाल दिवा लागलेला.

डबीला वाटलं होतं, पाणी गार पडतंय. दुपारपासून ती बाबांना परत सव्वीसवर आणायचा प्रयत्न करत होती. आम्हा सगळ्यांत तेवढीच एक जण अजून प्रयत्न करत होती.

टाकीची काच धुरकटली होती. साहेब वर, आडवा तरंगत होता, चांगला डोळा छताकडे.

बाबांना पुन्हा खाटेवर टेकवलं. मी काखेतून सेन्सर काढला. कुठे ठेवायचा ते सुचेना, म्हणून सवयीने पाण्यात सोडला. साहेब बाबांच्या आधी गेला नव्हता. दहा-बारा तास मागे राहिला होता, म्हणजे माझा शब्द तसा पाळला गेला. हे मला कुणाला तरी सांगायचं होतं, पण दाजींना साहेब माहीत नव्हता.

आकडा चढत चढत थांबला. आत्या चष्मा पुसून डबीवर वाकली.

"सदतीस," ती म्हणाली. "बघ. उतरला."